मुर्यांगसुजॉन: कोरियातलं एक जुनं लाकडी दालन आणि त्याच्या मुद्दाम वाकवलेल्या रेषा

खांबओळ

कोरियात येणारी आपली मंडळी पहिल्या सुट्टीला सोलमधला ग्योंगबोकगुंग राजवाडा बघतात, भाड्याचा हानबोक (तिथला पारंपरिक पोशाख) घालून फोटो काढतात आणि "केवढं जुनं आहे हे!" म्हणतात. तो राजवाडा १५९२ साली जपानी स्वारीच्या धामधुमीत जळाला, पावणेतीनशे वर्षं ओसाड पडला, आणि आज दिसतो तो दरबार १८६७ चा आहे. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू होऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती. खरंच जुनं लाकूडकाम बघायचं असेल तर शहर सोडून डोंगरात जावं लागतं.

उत्तर ग्योंगसांग प्रांतात योंगजू शहराबाहेर बोंगह्वांग नावाच्या डोंगरावर बुसॉकसा हा बौद्ध मठ आहे. सिल्ला या तेव्हाच्या कोरियन राज्याच्या मुनमु राजाच्या आज्ञेवरून उइसांग (६२५–७०२) या भिक्षूने तो ६७६ मध्ये स्थापला. उइसांग तांग काळातल्या चीनमध्ये अवतंसक सूत्र या बौद्ध ग्रंथाच्या परंपरेत शिकून आलेला, आणि कोरियात त्या संप्रदायाची घडी त्यानेच बसवली. मठाचं मुख्य दालन म्हणजे मुर्यांगसुजॉन, अमिताभ बुद्धाचं. आत्ताच्या इमारतीचं साल १३७६ सांगितलं जातं. आपल्याकडे बहमनी राज्याला तेव्हा तीस वर्षंही झाली नव्हती.

वर जायची वाट आधी सांगतो, कारण ती इमारतीचाच भाग आहे. खाली सफरचंदाच्या बागा आणि गिंकोची झाडं. मग उतारावर एकावर एक दगडी बांध. या बांधांचे दगड घडवून चौकोनी केलेले नाहीत. हाताएवढा दगड आणि गाडीएवढा दगड शेजारी शेजारी, एकमेकांच्या खळग्यांत बसवलेले. पायऱ्या चढत पहिल्यांदा घंटेच्या मंडपाखालून जायचं, नंतर अन्यांगनू नावाच्या दुसऱ्या मंडपाखालून. दोन्ही वेळा डोक्यावर लाकडी तक्तपोशी येते, मान आपोआप खाली जाते. आणि या दोन मंडपांच्या मध्ये वाटेची दिशा चक्क वळते. खालचा अक्ष एका दिशेला, वरचा दुसऱ्या. म्हणजे खालून सरळ रेषेत बघत गेलात तर दालन दिसतच नाही. अन्यांगनूच्या पोटातून डोकं वर काढलं की समोर सिल्ला काळातला दगडी दीप आणि त्याच्या मागे संपूर्ण दालन.

दालन रुंदीला पाच खण, खोलीला तीन खण. रंग जवळजवळ उडालेला. कोरियन देवळं हिरव्या-तांबड्या दानचॉंग रंगकामाने नटलेली असतात, काही वेळा डोळ्यांना जरा जास्तच. इथं फक्त लाकूड, चुन्याच्या भिंतीचे पट्टे आणि कौलं.

आता खांब. खांब खालून वर सारखे जाड नाहीत. तळाशी थोडे बारीक, साधारण एक तृतीयांश उंचीवर सर्वांत जाड, मग डोक्याकडे निमुळते होत जातात. याला इथं बेहुल्लिम म्हणतात. कोपऱ्यातले खांब मधल्यांपेक्षा किंचित उंच आहेत. सगळे खांब किंचित आत कललेले आहेत. वळचणीची रेषा समोरून बघितली तर कोपऱ्यांकडे वर उचललेली, आणि वरून आराखडा काढला तर मधोमध आत दबलेली, कोपरे बाहेर आलेले. या सगळ्याची बेरीज अशी की एवढं जड छप्पर घेऊन इमारत बसलेली वाटत नाही.

सगळ्यांत भारी गोष्ट आत आहे. दारं दक्षिणेला, आपण दक्षिणेकडून आत शिरतो. समोर मूर्ती असणार असं धरून चाललो तर समोर काहीच नाही. बुद्ध डावीकडे, दालनाच्या पश्चिम टोकाला बसलेत आणि पूर्वेकडे बघताहेत. अमिताभाची सुखावती, म्हणजे त्याचा स्वर्ग, पश्चिमेला, म्हणून. पण नुसता धर्मशास्त्राचा भाग असता तर मी एवढं लिहिलं नसतं. मूर्ती टोकाला नेल्यामुळे आतल्या खांबांच्या दोन रांगा लांबीच्या दिशेने धावतात आणि पाच खणांचं आडवं दालन उभं, खोल होतं. वर छत नाही. वासे, तुळया, त्यांच्यावरचे आधार, सगळं उघडं, नजर थेट आढ्यापर्यंत जाते. बाहेरून आडवी इमारत, आतून लांब मंडप. ही एवढी एकच चाल, आणि तेवढ्याने आतला सगळा अवकाश बदलतो.

मी वास्तुविशारद नाही, नोकरीनिमित्त कोरियात आहे आणि इथल्या देवळांच्या मागे लागलोय. जाणकारांनी भर घालावी.

मोगरा

वाचतेय. छान लिहिलंय, वाचनखूण साठवलीय. फोटो टाका ना! आणि खण, वळचण, आढं हे शब्द कोरियन इमारतीला इतके चपखल बसतील असं वाटलं नव्हतं. आजोळच्या घराची आठवण झाली. बुसॉकसा या नावाला काही गोष्ट आहे का?

शंकासूर

नेहमीप्रमाणे शंका घेऊन आलोय.

१) १३७६ हे साल कशावरून? देवळावर तारीख कोरलेली असते का?
२) जालावर शोधलं तर कुठं हे कोरियातलं सर्वांत जुनं लाकडी दालन म्हणतात, कुठं दुसऱ्या कुठल्या तरी देवळाचं नाव देतात. नक्की कोण?
३) आणि माझी मूळ शंका. इमारत १९१६ मध्ये पूर्ण सुटी करून परत जोडली असं वाचलं. मग ती १३७६ ची कशी? आमच्या गल्लीतलं मारुतीचं देऊळ पाडून त्याच जागी नवं बांधलं, पाटीवर अजून "प्राचीन" लिहिलंय.

खांबओळ

शंकासुरा, तिसऱ्या शंकेपासून सुरू करतो, कारण पहिल्या दोघींची उत्तरं तिच्यातच आहेत.

लाकडी इमारत सुटी करणं हा इथं मोडतोडीचा प्रकार नाही, दुरुस्तीचा नेहमीचा मार्ग आहे. जोड बहुतेक लाकडात लाकूड बसवून केलेले, त्यामुळे कौलं उतरवली, वासे काढले, तुळया उचलल्या की सांगाडा क्रमाने उलगडतो. कुजलेला तुकडा तेवढा बदलायचा, बाकीचं जिथलं तिथं. आणि असं उघडल्यावरच आतली लिखाणं सापडतात. बांधताना किंवा मोठी दुरुस्ती करताना सुतार आणि भिक्षू तुळईवर, आढ्याखाली शाईने मजकूर लिहून ठेवत: कधी केलं, कोणी केलं, का करावं लागलं. इमारत मिटलेली असते तोवर ते कोणाला दिसत नाही.

मुर्यांगसुजॉनमध्ये १९१६ च्या दुरुस्तीत असाच मजकूर मिळाला. १३५८ मध्ये शत्रूच्या हल्ल्यात दालन जळालं आणि १३७६ मध्ये पुन्हा उभारलं, असं त्यात आहे. तो काळ समुद्री चाच्यांच्या धाडींचा होता, कोरियातली तेव्हाची गोर्यो राजवट शेवटच्या घटका मोजत होती. मागच्या बाजूला डोंगरात उइसांगचं छोटं स्मारकमंदिर आहे, जोसादांग. ते १३७७ चं.

पण अभ्यासक इथंच थांबत नाहीत. मुर्यांगसुजॉनची बांधणी १३७७ च्या जोसादांगशी ताडून पाहिली तर दोघं एका पिढीतली वाटत नाहीत. दालनाची धाटणी जुनी आहे. म्हणून बऱ्याच जणांचं मत असं की १३७६ मध्ये जे झालं ते जुन्या पद्धतीला धरून केलेलं पुनर्बांधकाम किंवा मोठी दुरुस्ती असावी आणि मूळ रचना तेराव्या शतकापर्यंत मागे जाते. कागद एक साल सांगतो, लाकूड दुसरं सुचवतं.

आता "सर्वांत जुनं कोण". १९७० पर्यंत उत्तर मुर्यांगसुजॉन हेच होतं. १९७२ मध्ये आंदोंगजवळच्या बोंगजोंगसा मठातलं गुंगनाकजॉन हे छोटं दालन दुरुस्तीसाठी उघडलं. त्यातल्या मजकुरात १३६३ मध्ये छप्पर दुरुस्त केल्याची नोंद निघाली. दुरुस्तीच १३६३ ची, म्हणजे बांधकाम त्याआधीचं. लाकडी छपराला अशी मोठी दुरुस्ती शंभर-दीडशे वर्षांनी लागते असा हिशेब धरून गुंगनाकजॉन बाराव्या-तेराव्या शतकातलं मानतात. तेव्हापासून पहिला मान त्याचा. तिसरं नाव दक्षिण छुंगछॉंगमधल्या सुदॉकसाच्या दालनाचं. १९३७ च्या दुरुस्तीत मिळालेल्या मजकुरामुळे त्याचं १३०८ हे साल पक्कं आहे. माझं विचाराल तर अभ्यासासाठी सुदॉकसाच जास्त महत्त्वाचं, कारण बाकी दोघांची वयं अंदाजाची आहेत आणि त्यांना ताडून बघायला मोजपट्टी सुदॉकसाची लागते.

गोर्यो काळातल्या लाकडी इमारती आज दक्षिण कोरियात बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. मंगोलांच्या स्वाऱ्या तेराव्या शतकात, १५९२ ते १५९८ जपानी स्वारी, मग १९५० चं युद्ध. ग्योंगजूमधला ह्वांगन्योंगसाचा नऊ मजली लाकडी मनोरा १२३८ मध्ये मंगोलांनी जाळला, आज तिथं फक्त पायाचे दगड आहेत. जपानमध्ये होर्यूजी सातव्या शतकातलं, चीनमध्ये नानचान मंदिराचं दालन ७८२ चं. त्या मानाने कोरियातलं जुनं फार जुनं नाही. जे वाचलं ते डोंगरात आडबाजूला होतं म्हणून.

गवंडीकाका

धागा आवडला. मी जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करतो, त्यामुळे दोन गोष्टी विचारायच्या आणि एक सांगायची आहे.

खांब आत कललेले म्हणता. आमच्याकडे ओळंब्यात नसलेला खांब म्हणजे मुकादमाची खरडपट्टी. मुद्दाम कलवायचा तर प्रत्येक तुळईचा जोड तिरपा कापावा लागणार, तळखड्यावर खांबाचा बुडखा तिरपा बसणार. कोपऱ्यातल्या खांबाला तर दोन्ही बाजूंनी कल. हे कागदाशिवाय, नुसत्या अनुभवावर काढायचं म्हणजे त्या सुताराला साष्टांग नमस्कार. फक्त दिसायला बरं म्हणून कोणी एवढा व्याप करेल हे मला पटत नाही. काही तरी भाराचं गणित असणार.

दुसरं, खांबाखाली दगड कसा बसवतात?

आणि सांगायचं ते असं की आत कललेले खांब बघायला कोरियाला जायची गरज नाही, मळवलीला उतरा. भाज्याच्या चैत्यात अष्टकोनी खांबांच्या दोन्ही रांगा आत झुकलेल्या आहेत. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातलं काम. अख्ख्या खडकात कोरलेल्या खांबाला कलायची काही गरज नव्हती, पण कोरणाऱ्यांच्या डोळ्यासमोर लाकडी चैत्य होता. लाकडात कल लागतो म्हणून दगडातही दिला. कार्ल्याला खांब सरळ झाले, पण छताच्या लाकडी कमानी तिथं अजून आहेत. बौद्ध लाकडी मंडप आपल्याकडे उभे राहिले नाहीत, त्यांची दगडी नक्कल राहिली.

खांबओळ

गवंडीकाका, भाज्याचं लक्षातच आलं नव्हतं. पण दोन्हीकडचं कारण एक नसावं. भाज्याच्या मागे जो लाकडी नमुना आहे त्याचं छप्पर कमानदार. कमान खांबांना बाहेर ढकलते, तो रेटा घ्यायला खांब आत कलवायचे. कोरियन दालनात कमान नाही. आडव्या तुळया खांबांवर सरळ खाली भार देतात, बाहेर ढकलणारा रेटा फार नाही. पुस्तकात कारण दिसण्याचंच देतात: लांब ओळीतले सगळे खांब काटेकोर उभे आणि सारख्या उंचीचे ठेवले तर कडेचे बाहेर पडल्यासारखे आणि कोपरे खचल्यासारखे भासतात.

तुमची शंका मात्र बरोबर वाटते. छप्पर प्रचंड जड असतं. वाशांवर लाकडाच्या ओंडक्यांचं भरण, त्यावर मातीचा जाड थर, त्यावर कौलं. हे वजन आत झुकलेल्या खांबांवर आलं की सगळे जोड एकमेकांवर आवळले जातात, सांगाडा वाऱ्याने हलत नाही. कोपऱ्यात छपराचा भार दोन्ही बाजूंनी येतो, तिथं खांब काळाने दबणारच, म्हणून तो आधीच उंच. दिसणं आणि टिकणं ही दोन खाती त्या सुतारांनी वेगळी ठेवली असतील असं मला तरी वाटत नाही.

तळखड्याचं: साध्या इमारतींत ओबडधोबड दगड तसाच ठेवतात आणि खांबाचा बुडखा त्या दगडाच्या चढउतारांप्रमाणे रेघ मारून कोरतात, दगडाला हात लावत नाहीत. मुर्यांगसुजॉनला मात्र तळखडे घडवलेले आहेत, खांब बसायला गोल बैठक काढलेली.

लाकूड कोणतं हेही सांगायला हवं. कोरियन इमारत म्हणजे पाइन असं सगळे धरून चालतात, आणि गोर्योनंतरच्या जोसॉन काळातल्या इमारतींना ते लागू आहे. मुर्यांगसुजॉनचे खांब मात्र झेल्कोव्हाचे आहेत. आपल्या वावळीच्या कुळातला वृक्ष. पाइनपेक्षा कठीण आणि टिकाऊ. गावाच्या वेशीवर सावलीसाठी राखलेले जुने वृक्ष कोरियात बहुधा हेच असतात. पुढे चांगली मोठी झाडं संपत गेली आणि सुतार पाइनकडे वळले.

शंकासूर

खांब मध्ये फुगवटा असलेले म्हटलं की ग्रीक देवळं आठवतात. कॉलेजात एका प्राध्यापकांनी सांगितलेलं की ही कल्पना सिकंदराबरोबर गांधारला, तिथून चीन, मग कोरिया, जपान अशी गेली. तुमचं मत?

खांबओळ

ऐकायला सुंदर, पण मधले टप्पे दाखवता येत नाहीत. गांधारच्या दगडी खांबांपासून कोरियन लाकडी खांबापर्यंत सलग साखळी कोणी जोडून दिलेली मला माहीत नाही. शिवाय झाडाचं खोडच वर निमुळतं होत जातं. त्या खोडाशी रोज खेळणाऱ्या सुताराला खालची बाजू थोडी तासली तर खांब डौलदार दिसतो, हे शिकायला सिकंदर कशाला हवा? मी या सिद्धांताला गुण देणार नाही.

त्यापेक्षा खांबाच्या डोक्याकडे बघा. वळचण भिंतीच्या पुष्कळ पुढे आलेली असते, पावसापासून लाकूड वाचवायला. तो पुढे आलेला भार खांबावर आणायला ठोकळे आणि हस्त (हातासारखे पुढे आलेले लाकडी तुकडे) एकमेकांत गुंतवून उलट्या पायरीसारखी रचना करतात. मुर्यांगसुजॉनमध्ये ही रचना फक्त खांबांच्या डोक्यावर आहे. दोन खांबांच्या मध्ये भिंतीचा मोकळा पट्टा. या पद्धतीला जुसिम्पो म्हणतात. नंतर दापो पद्धत आली, तिच्यात खांबांच्या मधल्या जागेतही हस्तांचे गुच्छ येतात. त्यांना टेकायला खांबांच्या डोक्यावरून आडवी जाड फळी फिरवावी लागते, आणि आतला सांगाडा मग छत लावून झाकतात. राजवाडे, सोलची सुंगन्येमुन वेस, नंतरची बहुतेक मोठी देवळं दापोची. भरजरी दिसतात. कुणाला ते आवडतं, मला जुसिम्पोमध्ये कुठला भार कुठून कुठं जातोय हे खालून बोट दाखवून सांगता येतं ते आवडतं.

नीलाक्षी

मी देगूला असते, बुसॉकसाला बऱ्याचदा जाणं होतं. मोगराताईंनी नावाची गोष्ट विचारली होती ती राहून गेली, म्हणून लिहिते.

उइसांग चीनला गेला तेव्हा किनाऱ्यावरच्या एका भाविक गृहस्थाकडे उतरला. त्या घरातली मुलगी, कोरियनमध्ये तिला सॉनम्यो म्हणतात, त्याच्या प्रेमात पडली. तो काही बधला नाही, तेव्हा तिने जन्मोजन्मी त्याच्या कार्याला साथ देण्याची शपथ घेतली. शिक्षण संपवून तो परत निघाला तेव्हा ती वस्त्रांची पेटी घेऊन बंदरावर आली, तोवर जहाज सुटलेलं. तिने पेटी समुद्रात टाकली, ती तरंगत जहाजाला लागली. मग तिने स्वतः उडी घेतली आणि ड्रॅगन होऊन जहाज सिल्लापर्यंत सांभाळत नेलं. मठाच्या जागेवर दुसऱ्या पंथाचे पाचशे लोक ठाण मांडून होते, तेव्हा ती प्रचंड शिळा होऊन त्यांच्या डोक्यावर तरंगत राहिली. ते पळाले. बुसॉक म्हणजे तरंगता दगड. दालनाच्या पश्चिमेला मागे तो खडक दाखवतात, त्यावर अक्षरंही कोरलेली आहेत. सॉनम्योचं एक इवलंसं देऊळ दालनाच्या मागे आहे, बरेच लोक ते न बघताच परततात.

ही कथा कोरियापुरती नाही. ९८८ मध्ये चीनमध्ये तयार झालेल्या थोर भिक्षूंच्या चरित्रसंग्रहात ती आहे, आणि जपानमध्ये क्योतोच्या कोझानजी मठात तेराव्या शतकातल्या चित्रपटांच्या गुंडाळ्यांवर ती रंगवलेली आहे. समुद्रात उडी घेणारी बाई आणि जहाजाखालचा ड्रॅगन, फार देखणी चित्रं आहेत.

मूर्तीबद्दल एक भर. ती मातीची आहे, लाकडी सांगाड्यावर माती चढवून सोन्याचा मुलामा. उंची २.७८ मीटर, गोर्यो काळातली. तिचा उजवा हात गुडघ्यावरून जमिनीकडे आहे, भूमिस्पर्श मुद्रा. आपण वेरूळ-अजिंठ्याला बघितलेली. ती मुद्रा शाक्यमुनींची, अमिताभाची नव्हे, त्यामुळे ही मूर्ती नक्की कोणाची यावर वाद आहे. पण दालन अमिताभाचं, दिशा अमिताभाची, आणि भिक्षू तिला अमिताभच मानतात. मला तरी वाद सुटावा असं वाटत नाही.

दालनावरची पाटी गोर्योच्या गोंगमिन राजाच्या हातची समजली जाते. १३६१ मध्ये लाल फेटेवाल्या बंडखोरांनी राजधानी घेतली तेव्हा तो दक्षिणेला पळून या भागात आला होता. आणि आधी जमिनीवर हिरव्या झिलईच्या विटा होत्या, सुखावतीची जमीन रत्नांची असते म्हणून. आता लाकडी पाट आहे.

मोगरा

नीलाक्षी, थँक्यू! बिचारी सॉनम्यो. एवढं करून देऊळ मागच्या बाजूला.

गवंडीकाका

एका फोटोत चारही कोपऱ्यांच्या वळचणीखाली बारीक उभे टेकू दिसले. ते मूळचे की नंतरचे? मला ते डोळ्यात खुपले.

नीलाक्षी

काका, त्यांना ह्वालजू म्हणतात. कोपरा सगळ्यांत पुढे आलेला, त्याला खाली झुकू नये म्हणून टेकू. कोरियात बऱ्याच जुन्या इमारतींना असतात. मला सवय झालीय, आता नसले तर चुकल्यासारखं वाटेल.

शंकासूर

आगीचं काय? एवढं सगळं लाकूड, आजूबाजूला जंगल. आपल्याकडे शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला आणि दगडी तट तेवढे राहिले.

खांबओळ

हीच खरी भीती आहे. २००८ च्या फेब्रुवारीत सोलची सुंगन्येमुन वेस एका माणसाने पेटवली. वरचा मजला जवळजवळ गेला. २०१३ मध्ये नव्याने खुली केली, आणि काही महिन्यांतच तिचं रंगकाम निघायला लागलं, त्यावरून चौकश्या झाल्या. २००५ मध्ये पूर्व किनाऱ्यावरचा नाकसानसा मठ वणव्यात जळाला, त्यातली काशाची घंटा वितळली.

आणि २०२५ चा मार्च. उइसॉंगचा वणवा वाऱ्यावर आंदोंगपर्यंत गेला. २५ मार्चला गोउनसा मठ जळाला, त्याचे दोन नावाजलेले मंडप गेले. गोउनसाही उइसांगनेच ६८१ मध्ये स्थापला होता. बोंगजोंगसालाही धोका होता. तिथल्या काही मौल्यवान वस्तू आधीच हलवल्या. वस्तू हलवता येतात, दालन हलवता येत नाही. बातम्यांमध्ये भिक्षू मूर्तींना अग्निरोधक कापडात गुंडाळताना दिसत होते. आमच्या ऑफिसातले एरवी देवळाकडे न फिरकणारे कोरियन सहकारी दिवसभर फोन बघत होते.

२०१८ मध्ये बुसॉकसा आणि बोंगजोंगसा धरून सात डोंगरी मठ युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले. त्याने प्रसिद्धी मिळते, पैसा येतो. वणव्याला यादी दिसत नाही.

मोगरा

वाईट वाटलं वाचून. बरं, आम्ही पुढच्या ऑक्टोबरात भावाकडे सोलला जाणार आहोत. एका दिवसात होईल का? सोबत आई आहे, गुडघे दुखतात.

नीलाक्षी

सोलच्या छॉंगन्यांगनी स्टेशनवरून योंगजूला जलद गाडी आहे, तिथून बस किंवा टॅक्सी. सकाळी लवकर निघालात तर एका दिवसात होतं. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरची सुरुवात म्हणजे गिंको पिवळे आणि सफरचंदं पिकलेली, पण गर्दीही तेव्हाच. आईंसाठी सांगते, चढ बराच आहे आणि जुन्या दगडी पायऱ्या उंच आहेत, एकेक पायरी गुडघ्याला कळते. सावकाश चढा, मध्ये बसायला जागा आहेत. संध्याकाळपर्यंत थांबता आलं तर अन्यांगनूच्या बाजूने सोबेक डोंगररांगा बघा. आत दालनात चपला काढून जायचं आणि फोटो काढायचे नाहीत.

गवंडीकाका

मला जायचं झालं तर एकच ठिकाण सांगा. देखाव्याचं नको, सांधे आणि सांगाडा बघायचाय.

खांबओळ

काका, मग तुम्ही बुसॉकसा सोडा, सुदॉकसाला जा. येसान तालुक्यात देओकसुंग डोंगरावर. ते दालन दुपाखी आहे, त्यामुळे बाजूच्या भिंतीला छपराचा त्रिकोण उघडा राहतो. पूर्व किंवा पश्चिमेच्या भिंतीसमोर उभं राहायचं. खांब, त्यांना जोडणाऱ्या आडव्या तुळया, तुळयांवरचे वाकडे आधार, वर आढं, सगळं भिंतीच्या पिवळसर चुन्यात गडद रेषांनी बाहेरूनच दिसतं. सुताराने इमारत उभी चिरून छेद दाखवावा तसं. १३०८ चं काम. मुर्यांगसुजॉनमध्ये हे बघायला आत जाऊन मान वर करावी लागते आणि उजेड कमी असतो. दुर्बीण न्या, वरचे जोड खालून नीट दिसत नाहीत.

गवंडीकाका

दुर्बीण आहे. सुट्टीचं बघतो. तोवर तुम्ही त्या भिंतीचा समोरून, सरळ कोनात एक फोटो काढून इथं टाका, मी त्यावर तुळयांची आपली नावं लिहून देतो.